नवा फोन, अपुरी रेंज : ठेवावा की परत करावा?

नवा स्मार्टफोन घरात आला की पहिले दोन दिवस त्याच्या कौतुकातच जातात. काच किती चकचकीत, फोटो किती ठसठशीत, असे चाललेले असते. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात बोलता बोलता आवाज तुटतो, पलीकडचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करीत राहतो आणि घरातली म्हातारी म्हणते, ‘जुन्या फोनले इथं एवढा तरास नव्हता, बाप्पा!’ मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, फोन वापस करा. दुसरा म्हणतो, फोनचा काय दोष, आपल्या गावात टावरच नाही. (आपल्या रामटेककडे रेंजला ‘टावर’ म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.) हा वाद आठवडाभर लांबला तर निकाल आपोआप विक्रेत्याच्या बाजूने लागतो, कारण परत घेण्याची किंवा बदलून देण्याची मुदत बहुतेक ठिकाणी सात-दहा दिवसांचीच असते.

प्रश्न पैशाचा तर आहेच. धानाच्या पैशातून बाजूला काढलेले पंधरा हजार रुपये काही थोडे नव्हेत. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, मुलगा पुण्याला आणि आई इथे एकटी, अशा घरात फोन हा रात्री-अपरात्री १०८ क्रमांकाला हाक मारण्यासाठी असतो. बँकेचा ओटीपीही त्याच्यावरच येतो. तेव्हा दोष फोनचा की जागेचा, हे मुदत संपायच्या आत ठरवले पाहिजे. आणि ते घरच्या घरी ठरवता येते.

पहिली गोष्ट म्हणजे पडद्यावरच्या रेघांवर भरवसा ठेवू नका. किती रेंजला किती रेघा दाखवायच्या, याचा सर्वांना बंधनकारक असा नियम नाही. प्रत्येक कंपनी आपल्या हिशोबाने दाखवते. २०१० साली आयफोन ४ हातात विशिष्ट तऱ्हेने धरला की रेंज पडते, अशी जगभर ओरड झाली. तेव्हा ॲपल कंपनीनेच जाहीर केले की, रेघा मोजण्याचे आपले सूत्र चुकीचे होते आणि फोन गरजेपेक्षा जास्त रेघा दाखवत होता. म्हणजे जुन्या फोनच्या तीन रेघा आणि नव्याच्या दोन, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

खरे माप निराळे आहे. त्याला डीबीएम म्हणतात. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘अबाउट फोन’, मग ‘सिम स्टेटस’ असे आत गेले की ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’पुढे तो आकडा दिसतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* हा क्रमांक फिरवावा लागतो. आकडा उणे असतो, म्हणून तो वाचताना जरा सावध राहावे : उणे ८५ चांगला, उणे ११० अशक्त, आणि उणे १२० च्या आसपास संभाषण तुटू लागते. आणखी एक गंमत म्हणजे हे माप साध्या पट्टीसारखे नाही. तीनचा फरक म्हणजे शक्ती निम्मी, दहाचा फरक म्हणजे दहावा हिस्सा. एका फोनवर उणे ९८ आणि दुसऱ्यावर उणे १०८ दिसले तर कागदावर फरक किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात दुसऱ्याच्या वाट्याला पहिल्याच्या एकदशांशच शक्ती येते आहे.

आता जागेचा विचार करू. गडमंदिराची टेकडी आपल्याला देवाची म्हणून प्रिय. पण मोबाईलच्या लहरींना ती आडवी येते. मनोरा टेकडीच्या एका अंगाला आणि घर दुसऱ्या अंगाला असले, की घरावर टेकडीची सावली पडते. उन्हाची पडते तशीच. फरक एवढाच की लांब लहरी अडथळ्याला वळसा घालून थोड्याफार सावलीत शिरतात, आखूड लहरींना ते तितकेसे जमत नाही. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. त्याच्या मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर, म्हणून टेकडीमागच्या ट्रान्झिस्टरलाही ते कार्यक्रम ऐकू येत. मोबाईलच्या लहरी त्यामानाने अगदी आखूड. ७०० मेगाहर्ट्झची लहर साधारण हातभर, ९०० ची फूटभर, २३०० ची वीतभरही नाही, आणि ५-जीसाठी वापरतात त्या ३३०० मेगाहर्ट्झची अवघी नऊ सेंटिमीटर. अंबाळ्याकडच्या खोलगट भागात किंवा जुन्या घरांच्या जाड भिंतींआड या शेवटच्या दोघी लवकर दमतात. वर टिनाचे छप्पर असेल तर विचारूच नका.

ढगांना मात्र बोल लावू नये. महामहोपाध्याय मिराशींनी रामटेक हीच मेघदूतातली रामगिरी असे प्रतिपादन केले, तेव्हा ढगाचे आपल्याला अगत्य असायचेच. त्या ढगाने मोबाईलच्या लहरींचे फारसे काही बिघडत नाही. पावसात अडखळते ती छपरावरची डिश, कारण तिच्या लहरी आणखी आखूड असतात. मोबाईलच्या लहरींना पावसापेक्षा पावसाने भिजलेली दाट झाडी थोडी जास्त अडवते.

तर मग कसोटी कशी घ्यायची? जुना फोन आणि नवा फोन दोन्ही घ्या, आणि सिम एकच. तेच सिम आधी एकात, मग दुसऱ्यात. फोनचे जाड किंवा धातूचे कव्हर काढून ठेवा आणि फोन दोन्ही वेळा त्याच जागी टेकवून ठेवा, हातात धरू नका. अँटेना फोनच्या कडांना असते आणि तळहात ती झाकतो. दोन्ही फोन ४-जीवरच राहतील अशी योजना करा, नाहीतर नवा ५-जीच्या आखूड लहरीवर आणि जुना ९०० वर, अशी विषम कुस्ती होईल. प्रत्येक जागी चार-पाच मिनिटे थांबून तीन-चार वेळा आकडा टिपा, कारण तो सारखा हलत असतो. स्वयंपाकघर, झोपायची खोली, अंगण आणि घराबाहेरची एक मोकळी जागा, समजा मनसरचा चौक किंवा बसस्थानक, इतक्या ठिकाणी हे करा. प्रत्यक्ष बोलूनही पाहा. मनोरा मोठ्या ताकदीने बोलतो, आपला फोन जास्तीत जास्त वॉटच्या पाचव्या हिश्शाने. त्यामुळे आपल्याला ऐकू येते पण आपले पलीकडे पोहोचत नाही, असेही घडते. अशक्त रेंजमध्ये फोन सतत पूर्ण जोर लावतो, म्हणून तो तापतो आणि बॅटरी दुपारीच मान टाकते. तेही टिपून ठेवा.

दोन-तीनचा फरक निघाला तर तो सोडून द्या. पण सगळ्या ठिकाणी, मोकळ्या चौकातसुद्धा, नवा फोन आठ-दहाने मागे पडत असेल तर दोष फोनचा, असे मी धरीन. मग त्याचा कॅमेरा कितीही चांगला असो. शहरात मनोऱ्याजवळ राहणाऱ्याला असा फोन चालून जाईल. तिथे उणे ७५ चे उणे ८५ झाले तरी काही अडत नाही. देवलापारच्या जंगलाकडच्या वस्तीत उणे १०८ चे उणे ११८ झाले, तर फोन असून नसल्यासारखा. म्हणून पुण्याच्या भाच्याने ‘माझ्याकडे तोच आहे, उत्तम चालतो’ असे सांगितले तरी त्याची साक्ष इथे उपयोगाची नाही.

परदेशातून भेट आलेल्या फोनची गोष्ट आणखी वेगळी. एखाद्या देशासाठी बनवलेल्या फोनमध्ये आपल्याकडच्या सगळ्या लहरी पकडण्याची सोय असतेच असे नाही. बीएसएनएलची ४-जी सेवा ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालते; जिओकडे २-जी, ३-जी नाहीच, तिथे ४-जीवरून बोलण्याची सोय फोनमध्ये असावीच लागते. खोक्यावरची किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरची बँडची यादी आधी पाहावी.

दोन्ही फोन घरात सारखेच अशक्त आणि चौकात सारखेच ठणठणीत असतील, तर फोन परत करून काही साधणार नाही. शेजाऱ्याकडून दुसऱ्या कंपनीचे सिम तासभर मागून आणा आणि त्याच खोलीत पाहा. फरक पडला तर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. पोर्ट हा शब्द इंग्रजीत, जागा सोडून आपला क्रमांक, असा संदेश १९०० वर पाठवावा लागतो, मात्र सध्याच्या कंपनीकडे नव्वद दिवस झालेले असले पाहिजेत. घरात ब्रॉडबँड असेल तर वाय-फायवरून बोलण्याची सोय फोनमध्ये सुरू करा. बाजारात मिळणारा ‘बूस्टर’ मात्र आणू नका. परवानगीवाचून तो लावणे बेकायदेशीर आहे, आणि त्याने आसपासच्या सगळ्यांच्याच रेंजमध्ये गोंधळ माजतो.

फोन सदोष ठरला तर टिपलेले आकडे, पडद्याची छायाचित्रे आणि पक्के बिल घेऊन मुदतीतच लेखी तक्रार करा. ‘तुमच्याकडे नेटवर्कच नाही’ हे पहिले उत्तर येईल; त्याला त्याच जागेवरच्या जुन्या फोनचे आकडे दाखवता येतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. शब्द ‘सदोष’ असा आहे. रंग आवडला नाही म्हणून हा हक्क मिळत नाही. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा आयोगाकडे तक्रारीला शुल्क पडत नाही.

फोन देऊन टाकण्यापूर्वी सिम काढून घ्या, फोटो आणि क्रमांक जुन्या फोनवर उतरवा, पैसे देण्याघेण्याच्या ॲपमधून आणि गूगलच्या खात्यातून बाहेर पडा, आणि मगच फोन पूर्ण पुसा. खोके, चार्जर आणि खोक्यातली सिम काढायची पिनसुद्धा जपून ठेवा. परत घेताना ते एक-एक वस्तू मोजून घेतात.