धडाक्याने खेळायचे तर बॅटला रबर कोणते?



आपल्या शाळेच्या व्हरांड्यात टेबल टेनिसचे टेबल आहे. दोन बॅटींच्या फळ्या अजून चांगल्या आहेत, पण त्यांची रबरं झिजून काचेसारखी गुळगुळीत झाली आहेत. नव्या रबरासाठी वर्गणी जमली आहे. आता प्रश्न असा आहे की कोणते रबर आणायचे? त्यावरून चौथीच्या वर्गात रोज भांडण चालते. काही जण म्हणतात, "सगळ्यात जाड आणि सगळ्यात फास्ट आणा." काही जण म्हणतात, "कसलंबी आणा, रबर ते रबर." मला दोन्ही पटत नाही.

माझा मामेभाऊ कराडला कॉलेजात शिकतो आणि टेबल टेनिस चांगले खेळतो. मी त्याला खूप प्रश्न विचारले. गुरुजींनीही माहिती दिली. आपल्याला चढाईचा खेळ आवडतो. चढाई म्हणजे चेंडू नुसता ढकलून परत द्यायचा नाही, तर आपण होऊन जोरात मारून गुण घ्यायचा. तशा खेळाला कोणते रबर चांगले, ते मी सांगते.

रबर म्हणजे काय?

रबर म्हटले की आपल्याला खोडरबर आठवते. पण बॅटचे रबर म्हणजे फळीला चिकटवलेला थर. फळी लाकडाची असते. नियम असा आहे की फळीच्या जाडीचा कमीत कमी ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा पाहिजे. रबर दुकानात चौकोनी तुकड्यात वेगळे मिळते. ते फळीला चिकटवायचे आणि कडेने कात्रीने कापायचे.

हल्लीच्या बहुतेक रबरांत दोन थर असतात. वरचा थर पातळ रबराचा. त्याच्या एका बाजूला बारीक बारीक दाणे असतात. खालचा थर स्पंजाचा. म्हणजे खाली गादी आणि वर चादर, असे समजा. त्याचे मुख्य प्रकार असे :

१) दाणे आत, गुळगुळीत बाजू बाहेर. हे रबर चेंडूला धरते आणि भरपूर फिरवते. बहुतेक चढाईचे खेळाडू हेच वापरतात.

२) आखूड दाणे बाहेर. यावरून चेंडू सपाट आणि जलद जातो, पण फिरकी कमी मिळते.

३) लांब दाणे बाहेर. समोरच्याने दिलेली फिरकी यावरून उलटी होऊन परत जाते. समोरचा गोंधळतो.

४) घसरडे रबर. याला अँटी म्हणतात. चेंडू यावर पकडच घेत नाही. हे बचावासाठी असते.

बॅटची एक बाजू लाल आणि दुसरी काळी असते. ते शोभेसाठी नाही बरं का! दोन बाजूंना दोन जातींची रबरं असली तर चेंडू कोणत्या रबराने मारला हे समोरच्याला कळले पाहिजे. म्हणून १९८६ पासून एक बाजू लाल आणि एक काळी असा नियम झाला. २०२१ पासून लालच्या जागी निळा, हिरवा, गुलाबी, जांभळा असे रंगही चालतात. पण एक बाजू काळीच लागते.

मुंबईत झालेली रबराची गोष्ट

रबराने खेळ किती बदलतो याची गोष्ट आपल्या महाराष्ट्रातच घडली आहे. फेब्रुवारी १९५२ मध्ये मुंबईला टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा झाली. आशिया खंडात ही स्पर्धा पहिल्यांदाच होत होती. तेव्हा बहुतेक खेळाडूंच्या बॅटला नुसते दाण्यांचे रबर असे, खाली स्पंज नसे. त्यावर चेंडू लागला की टोक टोक असा आवाज येई. त्या आवाजावरून चेंडू किती जोरात मारला याचा अंदाज येत असे.

जपानहून हिरोजी सातो नावाचा एक चष्मेवाला खेळाडू आला होता. जगात त्याचे फारसे नाव नव्हते. त्याच्या बॅटला जाड स्पंज लावलेला होता. वर दाण्यांचे रबरच नाही! त्याने चेंडू मारला की आवाज जवळजवळ येतच नसे, आणि चेंडू मात्र सुळकन यायचा. मोठमोठे खेळाडू गांगरून गेले. अंतिम सामन्यात त्याने हंगेरीच्या योझेफ कोचियानला हरवले. पुरुष एकेरीत जगज्जेता होणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला.

मग जगभर वाद झाला की हा खेळाडूचा विजय का स्पंजाचा? शेवटी १९५९ मध्ये नियम केला. नुसता स्पंज चालणार नाही, त्याच्यावर दाण्यांचे रबर पाहिजे. दाणे आत असोत नाहीतर बाहेर. आणि रबर, स्पंज, गोंद सगळे मिळून जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आज आपण वापरतो ते रबर त्याच नियमातले आहे.

"रबर ते रबर" म्हणणाऱ्यांना उत्तर

माझे आबा तरुणपणी कुस्ती खेळायचे. मी रबराचे सांगायला लागले तेव्हा ते म्हणाले, "अगं पोरी, रबरात काय हाय? मनगटात दम पायजे."

मी म्हणाले, "आबा, मग तालमीतल्या लाल मातीत तुम्ही तेल, ताक, हळद कशाला घालत होता?"

आबा हसले आणि म्हणाले, "माती मऊ पायजे, धरून ठेवणारी पायजे. न्हाईतर डाव कसा बसंल?"

रबराचेही तसेच आहे. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे पैलवान खाशाबा जाधव आपल्या सातारा जिल्ह्याची शान आहेत. ते मातीत घडलेले मल्ल. १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा तिथे कुस्ती गादीवर होती. त्यांचा सहावा क्रमांक आला. पुढे १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणले. म्हणजे मनगटात दम पाहिजे हे खरेच, पण पायाखाली माती आहे का गादी हे ओळखूनच डाव टाकावा लागतो. टेबल टेनिसमध्ये आपली माती म्हणजे रबर.

चढाईत रबर काय काम करते?

टेबलाची लांबी २.७४ मीटर असते. समोरच्याची बाजू त्याच्या निम्मी. मध्ये १५.२५ सेंटिमीटर उंचीची जाळी. आपल्या कंपासपेटीतली पट्टी उभी धरा, जाळी तिच्यापेक्षा थोडीशीच उंच. आता एवढी जाळी ओलांडून जोरात सरळ चेंडू मारला तर तो टेबलाच्या बाहेरच जातो. हळू मारला तर आत पडतो, पण मग समोरचा आरामात परत देतो. मग करायचे काय?

इथे फिरकी कामाला येते. बॅट खालून वर आणि पुढे नेत चेंडूला घासून मारायचे. चेंडू पुढे जाणाऱ्या सायकलच्या चाकासारखा फिरत जातो. याला टॉपस्पिन म्हणतात. असा फिरणारा चेंडू हवेत खाली वळतो. म्हणून जोरात मारला तरी टेबलावरच पडतो. पडल्यावर परत पुढे उसळी मारतो. समोरच्याची तारांबळ उडते.

चेंडू फक्त २.७ ग्रॅम वजनाचा असतो. तो बॅटला लागतो तेव्हा क्षणभर स्पंजात रुततो. वरचे रबर त्याला धरते आणि ताणले जाते. मग बेचकीचे रबर सोडल्यावर खडा सुटतो तसा चेंडू फिरत सुटतो. वरचे रबर गुळगुळीत झाले असेल तर ते चेंडूला धरतच नाही. चेंडू नुसता घसरतो. आपल्या शाळेच्या बॅटींचे तेच झाले आहे. आपण कितीही घासून मारले तरी चेंडू जाळीत जातो तो त्यामुळे.

निवडताना तीन गोष्टी बघा

पहिली गोष्ट, पकड. चढाईला सगळ्यात आधी पकड पाहिजे, वेग नंतर. बॅट आडवी धरा. रबरावर चेंडू हलकेच दाबून पुढे ओढा. चेंडू अडखळला तर पकड आहे. सुळकन सरकला तर रबर म्हातारे झाले.

दुसरी गोष्ट, स्पंजाची जाडी. दीड मिलिमीटरपासून दोनच्या थोडे वरपर्यंत स्पंज मिळतो. सगळ्यात जाडाला मॅक्स म्हणतात. जाड स्पंज जास्त जोरात फेकतो. पण आपला हात थोडा चुकला तर चूकही तितक्याच जोरात फेकतो! पातळ स्पंजावर चेंडू ताब्यात राहतो, पण जोर कमी मिळतो. दादा म्हणतो, शिकणाऱ्या चढाईच्या खेळाडूने १.८ किंवा २ मिलिमीटर घ्यावा.

तिसरी गोष्ट, मऊपणा. कडक स्पंजात चेंडू रुतवायला मोठ्या माणसाचा जोर लागतो. मोठ्या खेळाडूंचे रबर लहान मुलाच्या हातात लाकडासारखे वाटते. मऊ किंवा मध्यम स्पंजात कमी जोरातही चेंडू रुततो आणि फिरतो.

जपानी रबरांत श्रायव्हर १९६७ पासून आणि मार्क फाइव्ह १९६९ पासून नावाजलेली आहेत. त्यांच्यावर कितीतरी खेळाडू शिकले. दादा म्हणतो, नावापेक्षा या तीन गोष्टी बघून घ्या.

आता कोणी म्हणेल, मनिका बात्रा तर लांब दाण्यांचे रबर वापरते! खरे आहे. तिने २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत महिला एकेरीचे सुवर्णपदक जिंकले आणि तिच्या बॅकहँडला दाण्यांचे रबर आहे. पण दुसऱ्या बाजूला तिचे गुळगुळीत रबर आहे. समोरच्याला दाण्यांनी गोंधळवायचे आणि संधी मिळताच मारायचे, असा तिचा खेळ. त्याला फार सराव लागतो. आपण अजून साधा टॉपस्पिन शिकतोय.

आपल्या भागात रबर कसे सांभाळावे?

सांगलीकडे जत, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याकडे माण, खटाव या भागात उन्हाळ्यात धूळ फार. महाबळेश्वर, पाटणकडे पावसाळ्यात सगळे दमट. रबराला धूळही वाईट आणि ओलही वाईट. धुळीने पकड जाते. ओलसर रबरावर चेंडू घसरतो. म्हणून :

* खेळून झाल्यावर स्वच्छ ओल्या फडक्याने रबर पुसावे आणि सावलीत वाळवावे.
* साबण, रॉकेल, पेट्रोल लावू नये.
* घामेजल्या हाताने रबराला चोळू नये.
* बॅट पिशवीत ठेवावी. उन्हात किंवा पत्र्याच्या तापलेल्या खोलीत ठेवू नये.

आणखी एक. १९७० नंतरच्या दशकात युरोपातल्या खेळाडूंना एक युक्ती सापडली. सायकलच्या पंक्चरचे सोल्युशन लावले की स्पंज फुगतो आणि चेंडू जास्त पळतो. पुढे असे खास गोंदही निघाले. पण त्यांची वाफ अंगाला अपायकारक असते. म्हणून २००८ मध्ये अशा गोंदांवर बंदी आली. आता पाण्यात बनवलेला गोंद वापरतात. आपल्या स्टँडवरच्या पंक्चरवाल्या काकांकडून कोणी सोल्युशन आणायचे म्हणत असेल तर आणू नका!

माझे म्हणणे

शाळेची बॅट एकाची नसते. पहिलीच्या बारक्यापासून चौथीच्या मुलांपर्यंत सगळ्यांच्या हातात ती जाते. म्हणून मला वाटते की चारही तुकडे एकाच जातीचे घ्यावेत. दाणे आत असलेले, पकडीचे, मऊ स्पंजाचे, जाडी १.८ मिलिमीटर. दोन बॅटींना दोन बाजू म्हणजे दोन लाल आणि दोन काळे. मॅक्स नको. महागडे रबर घेतले तर वर्गणी त्यातच संपेल. साधे चांगले घेतले तर उरलेल्या पैशात चेंडू येतील. चेंडू पायाखाली येऊन सारखे फुटतात आणि मग सगळ्यांचाच खेळ बंद पडतो.

पालकांना एक विनंती आहे. "रबराला कशाला पैसे?" असे म्हणू नका. बॅटीचा खेळ शहरातल्यांचाच असे काही नाही. बॅडमिंटनचे नंदू नाटेकर सांगलीत जन्मले आणि १९५६ मध्ये परदेशातली स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू झाले. शालेय स्पर्धांत टेबल टेनिसचा १४ वर्षांखालील गट असतो. त्या वयापर्यंत आपल्याला अजून पुष्कळ वेळ आहे, पण घसरड्या रबरावर शिकलेला हात पुढे बदलायला जड जातो, असे दादा म्हणतो.

ज्यांना अजून पटत नसेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर व्हरांड्यात यावे. शाळेची जुनी बॅट आणि दादाची बॅट शेजारी शेजारी ठेवणार आहे. दोन्हींवर चेंडू ओढून बघा. मग सांगा कोणते रबर आणायचे.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी