गौळण कोणाची?

शिमग्याच्या दिवसांत आमच्या दाभोळच्या बाजूस नमनखेळे होतात. मृदंगावर थाप पडते, संकासुर येऊन जातो, आणि मग गौळणी येतात. लुगडें, अंबाडा, नथ, सारें यथासांग. परंतु आंत असतो पुरुष. सकाळीं तोच गडी भाजावळीसाठीं कवळ तोडावयास रानांत जातो. नाचल्यामुळें त्याच्या घराण्यास बट्टा लागत नाहीं. उलट कौतुकच होतें. तीच गौळण घाटावर तमाशाच्या फडांत एखादी स्त्री गाऊं लागली कीं आपण प्रतिष्ठित मंडळी भुंवया चढवितों. असें कां, श्रोतेहो?

पुणें विद्यापीठांतील समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांनीं लावणी नाचणाऱ्या स्त्रियांविषयीं १९९५ सालीं व लावणी-पोवाड्यांविषयीं २००२ सालीं लेख लिहिले. लावणीपुढें रसिक मान डोलावतो आणि सोवळा टीकाकार नाक मुरडतो. रेगे विचारतात तें निराळेंच: नाचते कोण, पाहतो कोण, आणि लाभ कोणाचा? शृंगारिक लावणी बहरली त्या पेशवाईंत कुणबिणी व बटकी यांची खरेदी-विक्री होत असे. उच्चवर्णीय स्त्रीवर पहारा आणि खालच्या मानलेल्या जातींतील स्त्री मात्र सदैव उत्सुक, अशी वाटणी लावणीनें रंगविली, असें त्या दाखवितात. राम जोशी, अनंत फंदी यांचीं नांवें शाळकरी मुलांसही ठाऊक. गाणाऱ्या बहुतेकींचीं कोणास आठवतात? कोल्हाटी समाजांत तर नाचणाऱ्या मुलीनें लग्न करूं नये असा रिवाज होता, आणि तिच्या कमाईवर भावांचे संसार चालत.

हा प्रश्न महाराष्ट्रापुरता नाहीं. वेस्ट इंडीजमधील जमेका बेटावर आफ्रिकेंतून आणलेले गुलाम एकेकाळीं उंसाच्या मळ्यांत राबत. त्यांच्या वंशजांच्या 'डान्सहॉल' नाचगाण्यास तेथील शिष्ट लोक अश्लील म्हणतात. तेथील विदुषी कॅरोलिन कूपर यांनीं १९९३ च्या आपल्या ग्रंथांत त्याची बाजू घेतली. त्यांना त्यांत स्त्रीनें स्वतःच्या देहावर सांगितलेला हक्क दिसतो.

विचार मोहक आहे. तरी मला रेग्यांचा हिशेबी प्रश्न अधिक पटतो. हक्क म्हणावयाचा, तर 'आज मी नाचणार नाहीं' असें म्हणण्याची मोकळीकही हवी. दाभोळकडील गौळणीस ती आहे. पहांटे लुगडें सोडून तो गडी घरीं जातो, आणि वर्षभर त्यास कोणी नाचा म्हणत नाहीं.