विश्लेषण : अपग्रेडनंतर दिसणारे ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डर लगेच डिलीट करावे का?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे घरोघरचे, दुकानांतले अनेक संगणक विंडोज ११ वर गेले. अपग्रेड झाल्यावर सी ड्राइव्ह अचानक भरलेला दिसतो आणि त्यात ‘विंडोज.ओल्ड’ नावाचे नवे फोल्डर सापडते. ते डिलीट केले की जागा मोकळी होते, हे खरे. पण घाई केल्यास वर्षानुवर्षांचे फोटो आणि हिशेबाच्या फाइल्सही गमावण्याची भीती असते.

हे फोल्डर कशासाठी असते?

अपग्रेड करताना जुनी विंडोज लगेच पुसली जात नाही, ती बाजूला ठेवली जाते. जुन्या सिस्टीमची ‘विंडोज’, ‘प्रोग्राम फाइल्स’ आणि ‘यूजर्स’ ही फोल्डर ‘विंडोज.ओल्ड’मध्ये असतात. म्हणूनच ते अनेकदा १० जीबीहून मोठे भरते.

जुन्या विंडोजवर परत जाता येते का?

येते, पण साधारणपणे १० दिवसांतच. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग रिकव्हरी आणि तिथे ‘गो बॅक’ हा पर्याय मिळतो. परत गेल्यास अपग्रेडनंतर टाकलेली अॅप्स निघून जातात. मुदत संपली की विंडोज हे फोल्डर आपोआप काढून टाकते. ते आधीच डिलीट केले, तर परतीचा मार्ग त्याच वेळी बंद होतो.

आपल्या फाइल्स कुठे असतात?

अपग्रेड करताना फाइल्स आणि अॅप्स ठेवण्याचा पर्याय निवडला असेल, तर त्या सी ड्राइव्हच्या ‘यूजर्स’ फोल्डरमध्ये पूर्वीच्याच जागी राहतात. ‘काहीच ठेवू नये’ असे निवडले असेल किंवा ड्राइव्ह फॉरमॅट न करता नव्याने विंडोज टाकली असेल, तर त्या ‘विंडोज.ओल्ड’मधील ‘यूजर्स’मध्ये सापडू शकतात. ड्राइव्ह फॉरमॅट केला असेल, तर हे फोल्डर तयारच होत नाही.

डेस्कटॉप रिकामा दिसला तर?

‘वनड्राइव्ह’चा बॅकअप सुरू झाला असल्यास डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डर ‘वनड्राइव्ह’ फोल्डरच्या आत जातात. फाइल्स तिथेही शोधाव्यात.

डिलीट करण्याची योग्य पद्धत कोणती?

आधी महत्त्वाच्या फाइल्स पेनड्राइव्ह किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी कराव्यात आणि तिथून उघडून पाहाव्यात. प्रिंटर, टॅली, मराठी फॉन्ट नीट चालतात का, हे चार-पाच दिवस तपासावे. त्यानंतर सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या क्रमाने जाऊन ‘प्रिव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’वर खूण करून ते काढावे. असे काढलेले फोल्डर रिसायकल बिनमध्ये जात नाही, त्यामुळे ते परत आणता येत नाही.