उघड्या ट्रेलरची रोजी : हिशेबात शरीराचाही घसारा धरा

भिवंडीच्या गोदामांतून बंद कंटेनर नेणारे, बाजारपेठेत टेंपो फिरविणारे, तसेच यंत्रमाग मोडीत काढून स्टिअरिंग हाती घेतलेले आपले अनेक तरुण सध्या उघड्या ट्रेलरकडे, म्हणजे 'फ्लॅटबेड'कडे वळण्याच्या विचारात आहेत. कळंबोलीचा लोखंड बाजार, डोळवीचा पोलाद कारखाना, उरणजवळचे न्हावा-शेवा बंदर आणि चाकण-रांजणगावचे कारखाने यांच्यामध्ये पोलादाच्या कॉइल, पत्रे, सळया, यंत्रे यांची ने-आण रात्रंदिवस चालू असते. या मालाला क्रेनने वरून उचलून ठेवावे लागते, म्हणून गाडी उघडी लागते. काम आहे आणि भत्ताही बरा मिळतो. मग अडचण कोठे आहे?

आमच्या परिचयातील एका चालकाने हाच प्रश्न आम्हाला विचारला. अकरा वर्षे त्याने बंद गाडी चालविली. वय अडतीस, घरात तीन मुले. "चाचा, गाडी तर गाडीच आहे. बारा चाकांऐवजी अठरा. जाऊ की नको?" उत्तर देण्यापूर्वी आम्ही त्याच्याबरोबर कळंबोलीला एक दिवस काढला. जे पाहिले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

चालविणे अर्धे, बांधणे अर्धे

बंद गाडीत माल भरला, दार लावले, सील ठोकले की चालकाचे काम संपते. उघड्या ट्रेलरवर खरे काम तेथूनच सुरू होते. माल चढविण्यासाठी क्रेन आणि माथाडी असतात. पण गुटके बसविणे, चेन टाकून ताणणे, ताडपत्री ओढणे आणि दोर आवळणे हे बहुधा चालक व क्लीनर यांच्याच गळ्यात पडते. आजकाल अनेक मालक क्लीनर देत नाहीत. म्हणजे दोघांचे काम एकट्यावर येते.

हे काम वरवर उरकून चालत नाही. अमेरिकेतील नियमांप्रमाणे, ब्रेक लागल्यावर माल आपल्या वजनाच्या ८० टक्के जोराने पुढे रेटला जाईल असे धरून बांधणी करावी लागते. बाजूला आणि मागे हे प्रमाण ५० टक्के धरतात. वीस टनांच्या कॉइलचा हिशेब करा. घाटात करकचून ब्रेक दाबला तर सोळा टनांचा रेटा केबिनच्या दिशेने येतो. तो अडवायला चेन आणि गुटकेच असतात. त्याच नियमांत पहिल्या ८० किलोमीटरच्या आत, आणि नंतर दर २४० किलोमीटरला किंवा तीन तासांनी बांधणी तपासण्यास सांगितले आहे. आपल्याकडे खंबाटकी किंवा बोरघाटाच्या आधी थांबून चेन पाहणारा चालक भित्रा नव्हे, शहाणा समजावा.

शरीरावर काय येते?

मोठी जाड ताडपत्री कोरडी असतानाही चाळीस-पन्नास किलो भरते. पावसात भिजली की ती उचलताना कमरेचा कस लागतो. वाऱ्यात ती पालासारखी फुगते आणि माणसाला खाली खेचते. ट्रेलरचा प्लॅटफॉर्म जमिनीपासून सुमारे पाच फूट उंच असतो. दिवसातून दहा वेळा त्यावरून उडी मारली तर आज काही वाटत नाही, पण गुडघे आणि टाचा त्याची नोंद ठेवतात.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. पाच-सहा तास गाडीच्या हादऱ्यांत बसून कंबर आखडलेली असते, आणि त्याच अवस्थेत माणूस उतरून थेट वजन उचलतो. मणका दुखावतो तो येथे. म्हणून उतरल्यावर पाच-दहा मिनिटे गाडीभोवती चालावे, चाके पाहावीत, मगच ताडपत्रीला हात घालावा.

अनुभवी चालकांनी सांगितलेल्या आणखी काही गोष्टी अशा :

चढता-उतरताना दोन हात व एक पाय, किंवा दोन पाय व एक हात, टेकलेले असावेत. उडी मारू नये.

चेन ताणण्याचा साधा लिव्हर हातातून सुटला तर जबडा किंवा मनगट फोडतो. त्याऐवजी रॅचेटचा वापर करावा. त्यावर पाइप घालून जोर लावू नये.

ताडपत्री खांद्यावर घेऊन शिडी चढू नये. माल चढविणाऱ्या क्रेननेच ती वर ठेवून घ्यावी.

चामडी हातमोजे, पोलादी टोपणाचे बूट आणि प्यायला भरपूर पाणी या चैनीच्या वस्तू नव्हेत.

कायद्याची बाजू

हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचे व्यावसायिक वाहन चालविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली मान्य केले. ट्रेलर मात्र त्यात बसत नाही. त्यासाठी अवजड वाहनाचा परवाना हवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर माल गाडीच्या बाहेर डोकावत असेल तर २० हजार रुपये दंड आहे. जादा वजनाला २० हजार आणि वर दर टनाला २ हजार. सळया बाहेर काढून भरा म्हणणारा व्यापारी वाटेत आपल्याबरोबर नसतो, हे चालकाने लक्षात ठेवावे. एक चांगली गोष्ट अशी की नव्याने तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहनांना २०२५ सालापासून वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. पण जुन्या गाडीत ही सोय मिळेल असे धरून चालू नये.

मालकांनाही दोन शब्द

आमच्या वाचकांत लोखंडाचे व्यापारी आहेत, एक-दोन ट्रेलर बाळगणारेही आहेत. आपण गाडीचा घसारा दरवर्षी वहीत लिहितो. टायर, क्लच, स्प्रिंग सर्वांचा. चालकाच्या कमरेचा घसारा कोणाच्या वहीत लिहिला जातो? क्लीनरचा पगार वाचविला आणि चालक सहा महिन्यांत जायबंदी होऊन घरी बसला, तर तो नफा नव्हे. कॉइलच्या फेरीला दुसरा माणूस द्या, जुन्या चेन बदला.

आणि आमचा चालक?

त्या दिवशी त्याने हौसेने एक ताडपत्री ओढून पाहिली. तळहातावर फोड आले, त्याचे त्याला हसू आले. मात्र खाली उतरताना त्याने जांघेवर हात दाबला, ते आमच्या नजरेतून सुटले नाही. विचारले तर म्हणाला, "गॅस असेल, बरेच दिवस आहे." आम्ही आग्रहाने त्याला डॉक्टरकडे नेले. तपासणीत हर्निया निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, आधी शस्त्रक्रिया, मग ते सांगतील तोपर्यंत जड उचलणे बंद.

तो सध्या बंद गाडीच चालवितो. भत्ता कमी आहे, याची खंत त्याला आहे आणि ती खोटी नाही. पुढे डॉक्टरांनी परवानगी दिली तर तो ट्रेलरवर जाईलही. मात्र क्लीनर असलेल्या गाडीवरच, असे त्याने मालकाला आधीच सांगून ठेवले आहे.

तेव्हा या धंद्यात उतरू पाहणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच. परवान्यासाठी वैद्यकीय दाखला लागतोच. तो केवळ शिक्क्यापुरता घेऊ नका. कंबर, गुडघे, हर्निया, रक्तदाब, डोळे नीट तपासून घ्या. मालकाशी पगाराबरोबर क्लीनरचीही बोली करा. गाडी बँकेच्या कर्जावर दुसरी घेता येते, कंबर घेता येत नाही.