निळा पडदा काय सांगतो?



आमचा एक विद्यार्थी एकदा आपला संगणक गोणपाटात गुंडाळून घरी घेऊन आला. वडिलांनी काटकसर करून जुन्या बाजारात घेतलेला. विंडोज घालू लागले की मध्येच निळा पडदा येई आणि सारे ठप्प! “मदरबोर्ड गेला, नवा घ्या,” असे दुकानदाराने सांगितले होते.

मी विचारले, “दर वेळी एकाच ठिकाणी अडतो, की निरनिराळ्या?” त्याला सांगता येईना. मग वही घेऊन आम्ही पाचदा प्रयत्न केला. दर वेळी थांबण्याची जागा वेगळी. पडद्यावर कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, तर कधी ‘पेज फॉल्ट’.

तुम्ही व्हर्निअर वापरला आहे ना? त्याचा शून्य चुकलेला असेल, तर प्रत्येक मापनात तेवढीच चूक येते. सैल तार मात्र वाटेल तेव्हा दगा देते. इथेही तसेच. विंडोज एक्सपी २००१ साली आले. पुढे एएचसीआय पद्धतीने जोडलेल्या सॅटा डिस्कवर ते घालताना ७बी हा संकेत हटकून येई. कारण त्या जोडणीचा ड्रायव्हर त्यात नव्हता. ही झाली ठरावीक चूक. बदलत्या चुकीत पहिला संशय स्मृतीवर, म्हणजे रॅमवर घ्यावा.

असे का? फायली आधी रॅममध्ये उलगडतात, मग डिस्कवर जातात. ४ गिगाबाइट रॅममध्ये सुमारे ३,४३६ कोटी बिट असतात. त्यांतला एक जरी शून्याचा एक झाला, तरी आज्ञा बिघडू शकते. चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाऊ नये म्हणून संगणक स्वतःच थांबतो. निळा पडदा हा शत्रू नव्हे, पहारेकरी आहे!

आम्ही वीजजोडणी काढली, अंगावरील स्थिर विद्युत जावी म्हणून पेटीच्या धातूला हात लावला आणि दोन रॅमपट्ट्यांपैकी एक काढली. पहिलीवर विंडोज बिनबोभाट चढले. तिच्याच खाचेत दुसरी लावली, तर पुन्हा निळा पडदा! म्हणजे खाच निर्दोष, पट्टी सदोष. मेमटेस्ट८६ या तपासणी-प्रोग्रॅमनेही तेच दाखवले. हा प्रोग्रॅम रॅममध्ये ठरावीक आकडे लिहून ते परत वाचून पाहतो.

तुम्ही हे करून पाहणार असाल, तर आधी डिस्कवरील माहितीची प्रत काढा, घरच्यांना विचारा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या, तर गुण कशाने आला ते कसे कळणार?

त्या मुलाचा संगणक आज एकाच पट्टीवर, थोडा सावकाश, पण नीट चालतो.