सहाशे ओहमचा गैरसमज

सात वर्षांपूर्वी आमच्या गावच्या वाचनालयात नाट्यसंगीताच्या जुन्या एचएमव्ही तबकड्या ऐकवण्याचा कार्यक्रम होता. तबकड्या माझ्या, आणि व्हॉल्व्हचा प्रीॲम्प्लिफायरही मीच घरी बांधलेला. घरी तो माझ्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरवर गोड वाजे. सभागृहातल्या जुन्या ॲम्प्लिफायरला जोडला, तर आवाज निम्मा. डग्गा तर नाहीसाच. मी बटण फिरवून आवाज वाढवला, तेव्हा प्रत्येक जोरकस तानेला स्वर फाटू लागला. नंतर कार्यवाहांनी विचारलं, तेव्हा मी ठासून सांगितलं, "साहेब, तुमचा ॲम्प्लिफायर गेलाय." माझ्या शब्दावर तो भंगारात गेला.

तो बिघडलेला नव्हता. चूक माझ्या वहीत होती. मी इंजिनिअर नाही. बँकेतली नोकरी सांभाळून जुनी पुस्तकं वाचत शिकलो. त्या वहीत मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, "कॅथोड फॉलोअर : आउटपुट इम्पिडन्स ६०० ओहम. कशालाही जोडा."

व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात आणि प्लेटकडे जातात. वाटेतली ग्रिडची जाळी त्यांना कमीजास्त सोडते. नेहमीच्या मांडणीत आवाजाचा संदेश प्लेटवरून घेतात. कॅथोड फॉलोअरमध्ये तो कॅथोडवरून घ्यायचा आणि कॅथोडखाली एक मोठा रेझिस्टर ठेवायचा. ग्रिड वर गेली की प्रवाह वाढतो, प्रवाह वाढला की रेझिस्टरवरचा दाब वाढतो आणि कॅथोड ग्रिडच्या मागोमाग वर जातो. म्हणून 'फॉलोअर'. ही मांडणी ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याच्या नावावर आहे, पेटंट १९३४चं. ब्लुमलाइन ईएमआय कंपनीत होते आणि ही कंपनी १९३१ साली एचएमव्हीवाल्या ग्रामोफोन कंपनीच्या आणि कोलंबियाच्या विलीनीकरणातून झालेली. म्हणजे माझ्या तबकड्या आणि माझी चूक, दोन्हींचं घराणं एकच.

आता तो ६०० ओहमचा आकडा. माझ्या पेटीत ईसीसी ८३ हा व्हॉल्व्ह होता, १ मिलिअँपिअर प्रवाहावर बसवलेला. आउटपुट कुणी १ मिलिव्होल्ट खाली खेचलं, तर ग्रिड आणि कॅथोडमधला फरक तेवढाच वाढतो आणि व्हॉल्व्ह साधारण १.५ मायक्रोअँपिअर जास्त प्रवाह देऊन ते सावरतो. भागाकार करा, साडेसहाशे ओहमच्या आसपास उत्तर येतं. मी त्याचे ६०० केले होते. आकडा चुकीचा नाही. पण तो एका मिलिव्होल्टच्या ओढाताणीबद्दल बोलतो, जोरकस तानेबद्दल नाही.

विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली असेल, त्यांना पुढचं लगेच कळेल. मोट वर आणायला बैल असतात. खाली ती आपल्या वजनानेच जाते, बैलांना कितीही हाकला. फॉलोअरमधला व्हॉल्व्ह आउटपुटला फक्त वर ओढू शकतो. खाली न्यायचं काम त्या रेझिस्टरचं, आणि तो जास्तीत जास्त व्हॉल्व्हच्या विश्रांतीच्या प्रवाहाइतकाच प्रवाह खेचू शकतो. माझ्या पेटीत १ मिलिअँपिअर.

सभागृहातल्या ॲम्प्लिफायरचं इनपुट जुन्या पद्धतीचं, ६०० ओहमचं होतं. अशा इनपुटची नेहमीची पातळी ०.७७५ व्होल्ट, म्हणजे लाटेच्या टोकाला १.१ व्होल्ट. त्याला १.८ मिलिअँपिअर लागतात. माझा व्हॉल्व्ह ०.६ व्होल्टलाच संपत होता. ऑसिलोस्कोपवर पुढे मी हे पाहिलं : लाटेचा वरचा अर्धा भाग गोल, खालचा सुरीने कापल्यासारखा सपाट. घरी माझ्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचं इनपुट ४ लाख ७० हजार ओहमचं. तिथे अडीच मायक्रोअँपिअरही लागत नव्हते, मग दोष दिसणार कुठून?

आवाज निम्मा का झाला, तेही उघड आहे. साडेसहाशे ओहमच्या मागे ६०० ओहमचा भार लावला की निम्म्याहून जास्त दाब आतच खर्च होतो. आणि डग्गा गेला तो कपॅसिटरमुळे. कॅथोडवरचे शंभरेक व्होल्ट बाहेर जाऊ नयेत म्हणून मी ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला होता. एवढ्या कमी रोधाशी गाठ पडली की तो साधारण २७० हर्ट्झच्या खालचे स्वर गाळू लागतो. आमच्यातले हौशी लोक अशा वेळी लांब केबलला दोष देतात. मीही दिला आहे. पण पाच मीटर केबलची धारिता सुमारे ५०० पिकोफॅरड धरली, तरी २० हजार हर्ट्झलासुद्धा तिचा भार १६ हजार ओहम होतो. केबल बिचारी निर्दोष.

उपाय अवघड नव्हता. ईसीसी ८२ घेतला, तो १० मिलिअँपिअरवर बसवला, त्याखाली १० हजार ओहमचा रेझिस्टर आणि बाहेर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. आता ६०० ओहमवर टोकाला साडेपाच व्होल्टपर्यंत जागा मिळते. गंमत अशी की ईसीसी ८२चा आउटपुट इम्पिडन्स साडेचारशेच्या आसपास, म्हणजे कागदावर फरक फारसा नाही. ताकद दहापट झाली ती प्रवाहामुळे. ईएमआयमधल्याच एरिक व्हाइट यांनी खाली रेझिस्टरऐवजी दुसरा व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे मोट खाली ओढायलाही एक जोडी. मला तिची गरज पडली नाही.

हे सगळं उमगलं तेव्हा मी वाचनालयात जाऊन कार्यवाहांना सांगितलं आणि ॲम्प्लिफायरची भरपाई देऊ केली. त्यांनी ती घेतली नाही. एव्हाना तिथे नवा ॲम्प्लिफायर आला होता. त्याचं इनपुट १० हजार ओहमचं. त्यावर माझी जुनी, न सुधारलेली पेटीसुद्धा टोकाला ९ व्होल्टपर्यंत स्वच्छ चालते, डग्ग्यासकट. त्यांनी ती लावून ऐकली, आणि दोष जुन्या यंत्रातच होता, याची तिथे सगळ्यांना खात्री पटली.