पोवळ्यांची पंगत

बडोद्याला समुद्र नाही, असं मुंबईचे पाहुणे मला हमखास ऐकवतात. मी त्यांना ओखामंडळाची आठवण करून देतो. द्वारका-बेटाचा तो मुलूख गायकवाडी राज्यातला. तिथल्या सागरी जीवांची पाहणी बडोदे सरकारने सागरी जीवशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल यांच्याकडून करून घेतली. अहवालाचा पहिला भाग 1909 मध्ये निघाला, दुसरा 1916 मध्ये. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडलं ते 1951 मध्ये, तेव्हा थोरवी कोणी कोणाला सांगायची?

ते असो. घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा आढावा म्हणजे दिवे, स्किमर, चिलर हे आलंच. त्यावर दुकानदार पुरेसं बोलतात, आणि मे महिन्यात वीज गेली की काय होतं ते बडोदेकराला शिकवायला नको. मला बोलायचंय ते खाण्याबद्दल.

आम्हा टाकीवाल्यांत एक पंथ आहे. पोवळ्यांना उजेड पुरे, खाऊ घालाल तर पाणी नासेल, हा त्याचा मंत्र. पोवळ्याच्या पेशींत राहणारं शेवाळ चांगल्या उजेडात त्याची 90 टक्क्यांपर्यंत ऊर्जा पुरवतं, हे कबूल. पण नुसत्या ऊर्जेवर अंग धरत नाही. त्यासाठी लागणारा नायट्रोजन आणि फॉस्फरस भक्ष्यातूनही यावा लागतो. ट्युबॅस्ट्रिया या दगडी पोवळ्याकडे तर हे शेवाळ नसतंच, ते निव्वळ शिकारीवर जगतं. (दगडी पोवळी 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, तेव्हा ते पुस्तकात पाहावं, घरी आपली झोअँथस आणि मश्रूम पोवळी बरी.) या पंथाने नायट्रेट शून्यावर आणायला माशांना उपास घडवले. पोवळी फिकी पडली. आता तीच मंडळी नायट्रेटची बाटली विकत आणून थेंब मोजत बसतात! मासे पोटभर जेवले असते तर हेच फुकटात मिळालं असतं.

माझा पक्ष पहिल्यापासून जिवंत खाद्याचा. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या जिवाची अंडी, मिठाचं पाणी, एक उलटी बाटली आणि तळापर्यंत हवापंपाची नळी. बडोद्याच्या उकाड्यात दिवसभरात पिल्लं बाहेर पडतात. हवामानाचा हा एवढाच उपकार. हवा बंद केली की रिकामी टरफलं वर तरंगतात आणि खाली बॅटरी धरली की नारिंगी पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. घट्ट विणीच्या कापडातून गाळायची, गोड्या पाण्याने धुवायची आणि लगेच वाढायची. ताटकळत ठेवली तर पोटातला बलक स्वतःच संपवतात आणि मग नुसतं पाणी वाढल्यासारखं होतं. टरफलं मात्र टाकीत जाऊ देऊ नयेत, छोट्या माशांच्या आतड्यात अडकतात.

पंगतीचाही क्रम आहे. आधी मासे, नाहीतर क्लाउनफिश पोवळ्याच्या तोंडचा घास पळवतो. मग दिवे मालवून थोडं थांबायचं, स्किमर बंद करायचा, प्रवाह मंद करायचा. पोवळ्यांनी शुंडकं पसरली की ड्रॉपरने खाद्य हलकेच सोडायचं. पूर्वी या वेळी घरातली पोरं टाकीसमोर मांडी ठोकून बसत. आता यंत्र ठरल्या वेळी भुकटी टाकतं आणि मालक ऑफिसातून फोनवर टाकी बघतो.

सगळ्यात राग येतो तो मँडरिनच्या विक्रीचा. हा देखणा मासा दिवसभर खडकांवरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपत फिरतो. नव्या टाकीत कोपेपॉड असतात कुठे? तरी ‘कोरडं खाद्य चालतं’ म्हणून तो नवख्याच्या गळ्यात मारतात, आणि काही आठवड्यांत त्याचं पोट खपाटीला जातं. दुकानदाराला म्हणावं, माझ्यासमोर याला खाऊ घाला. नाही खाल्लं, तर हात हलवत घरी यावं.